चौकीदाराचा कूलर, आत्याचा लॅपटॉप

काकू, सप्रेम नमस्कार.

मी इंदूरचाच, लोकमान्य नगरात राहतो. वय २६. आपल्या लोकांच्या एका संस्थेच्या शाळेत कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट आहे, कंत्राटी, महिना ११ हजार. लहानपणापासून आकाशाचं वेड आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी लॅबमधल्या ३२ कॉम्प्युटरांवर बॉइंक नावाचा प्रोग्राम टाकला. त्यातून आइन्स्टाइन ॲट होम या खगोलशास्त्राच्या प्रकल्पाला कॉम्प्युटरची ताकद दान देता येते. रात्री ९ ते सकाळी ७ मशीनं चालू ठेवतो. मुलांच्या तासाला प्रोग्राम बंद असतो, त्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही. मला यातून एक पैसा मिळत नाही. फक्त क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, जमा होतं. टीममध्ये मी आता तिसरा आहे, याच वेगाने गेलो तर वर्षअखेर पहिला येईन. नातेवाइकांचे लॅपटॉप फॉरमॅटला माझ्याकडे येतात, त्यांच्यावरही टाकून देतो. आत्याच्या लॅपटॉपवरही टाकला आहे, तिला काय कळतंय.

आता भानगड अशी की शाळेचं लाइट बिल वाढलं म्हणून कमिटीने चौकशी लावली. चौकीदाराच्या खोलीत कूलर सापडला. तो काढून घेतला आणि त्याला सगळ्यांसमोर बोलले. मला वाईट वाटलं. मी गुपचूप सगळीकडून प्रोग्राम काढून टाकतो म्हणजे विषय संपेल, असं ठरवत होतो. मित्र म्हणतो, ‘भिया, विज्ञानाचं काम आहे, चोरी थोडीच केली?’ तुम्ही बँकेत कॉम्प्युटर विभागात होता, असं मागे लिहिलं होतंत, म्हणून तुम्हालाच विचारतो. मी चुकलो का? आणि गुपचूप काढलं तर चालेल ना?

– एक आकाशवेडा

अरे आकाशवेड्या,

कौतुक आधीच करून घेते, कारण पुढे त्याला फारशी जागा उरणार नाही. ११ हजारांवर राबणारा मुलगा लॅबला कुलूप लावताना ताऱ्यांचा विचार करतो, असा माणूस रोज भेटत नाही. तुझ्या वयाची माझ्या ओळखीची मुलं छप्पन दुकानवर खाण्याचे फोटो काढण्यात संध्याकाळ घालवतात. (त्यांना नावं ठेवत नाही. खाणं मलाही आवडतं, फोटो तेवढे जमत नाहीत.)

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काही शास्त्रीय गणितं अवाढव्य असतात, पण त्यांचे हजारो सुटे तुकडे पाडता येतात आणि एका तुकड्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. लग्नघरी भाजी निवडायला वाड्यातल्या सगळ्या बायका बसायच्या, तसं. कुणी मेथीची जुडी घेतली, कुणी गवार, आणि तासाभरात पोतं रिकामं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने १९९९च्या मे महिन्यात सेटी ॲट होम सुरू केलं ते याच हिशेबाने. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींचे तुकडे घरोघरच्या कॉम्प्युटरांवर पाठवायचे, आणि मालक चहाला उठला की कॉम्प्युटरने त्यात परग्रहावरच्या कुणाची हाक ऐकू येते का ते तपासायचं. ५२ लाखांहून जास्त लोकांनी यात हात लावला. हाक काही आली नाही आणि २०२०च्या मार्चअखेर तुकडे वाटणं थांबलं. पण त्याच मंडळींनी तयार केलेला बॉइंक पुढे कितीतरी प्रकल्पांच्या कामी आला. करोनाच्या पहिल्या लाटेत तर, बॉइंकबाहेरच्या पण याच धर्तीवर प्रथिनांवर काम करणाऱ्या फोल्डिंग ॲट होमला इतके लोक येऊन मिळाले की त्या सगळ्यांची एकत्र ताकद जगातल्या सर्वांत मोठ्या महासंगणकाच्याही पुढे गेली.

तुझा आइन्स्टाइन ॲट होम २००५पासूनचा. २०१०मध्ये त्याला अरेसिबोच्याच माहितीत सेकंदाला ४१ गिरक्या घेणारा एक पल्सार, म्हणजे गरगर फिरत रेडिओ लहरी सोडणारा मृत तारा, सापडला. तो ज्यांच्या कॉम्प्युटरांवर सापडला ते अमेरिकेतल्या आयोवाचं एक जोडपं आणि जर्मनीतल्या माइन्झचा एक जण. शोधनिबंधात त्यांची नावं आली. हाच प्रकल्प गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेची माहितीही चाळतो, आणि लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. तेव्हा तुझं काम फालतू होतं, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

माझी हिंमत नाही, कारण हे मीही केलं आहे.

साल २००१. आमच्या शाखेत तेव्हा इंटरनेट असलेला एकच कॉम्प्युटर, आणि तो माझ्या टेबलावर. एका मासिकात सेटीबद्दल वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी टाकून मोकळी झाले. कोणाला विचारायचं सुचलंच नाही. स्क्रीनवर रंगीत डोंगररांगा सरकायच्या, शिपाई उभा राहून बघायचा, मला फार मोठं वाटायचं. तुकडा लहान होता, साडेतीनशे केबीच्या आसपास. पण डायल-अप होतं, आणि शाखेचा फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. मी तुकडे बदलण्यासाठी लाइन जोडायची आणि कामाच्या गडबडीत तोडायला विसरायची.

एका दुपारी सुदामानगरहून टेम्पोने एक आजोबा आले. घामाघूम. पेन्शन जमा झाली का, एवढंच विचारायचं होतं. म्हणाले, ‘‘सकाळपासून फोन लावतोय बाई, लागतच नाही. म्हटलं शाखाच बंद झाली की काय.’’ मी त्यांना पाणी दिलं, पासबुक भरून दिलं, आणि शाखेचा फोन का लागत नव्हता ते सांगितलं नाही. मॅनेजरसाहेबांना आठवड्याने कळलं. ते ओरडले नाहीत. ‘‘कोणाला विचारलंत?’’ एवढंच म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. परग्रहावरच्यांनी पाठवलेला निरोप ऐकायला मी बसले होते, आणि सुदामानगरचा माणूस सकाळपासून फोन लावत होता.

म्हणून तुझ्या पत्रातलं ‘कुणाचं काही अडलेलं नाही’ हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. अडतं ते आपल्याला दिसत नाही एवढंच. ज्याचं अडतं तो मुकाट्याने टेम्पोत बसतो.

आता ‘चोरी थोडीच केली’चं बघू. तुझ्या मित्राला सांग, मराठीत यासाठी चोरीपेक्षा नेमका शब्द आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. यज्ञ केला नाही, दान दिलं नाही, फक्त दुसऱ्याच्या भरल्या दुकानावर एक तुळशीचं पान ठेवलं आणि ‘हे मी ब्राह्मणाला दिलं’ म्हणून मोकळा. या म्हणीतला माणूस चोर नसतो, हे लक्षात घे. त्याने एक पेढाही स्वतःच्या तोंडात टाकलेला नाही. त्याचा हेतूही धार्मिकच आहे. तरी पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला हसतात, कारण दान देण्याचा मान त्याने घेतला आणि खर्च हलवायाचा झाला. आणि त्यातही गंमत म्हणजे, हलवायाला आधी विचारलं असतं तर तो कदाचित स्वतःहून दोन किलो देता.

तू म्हणशील, खर्च कसला, मशीनं रिकामीच असतात. हे १९९९ साली अर्धंमुर्धं खरं होतं. तेव्हाचे बरेचसे कॉम्प्युटर रिकामे बसले तरी जवळजवळ कामाइतकीच वीज खायचे, आणि ‘चालूच आहे तर त्याच्याकडून काम करून घेऊ’ ही कल्पना त्यातूनच निघाली. आताचा प्रोसेसर रिकामा असला की मंदावतो, त्याचा अर्धाअधिक भाग झोपी जातो. त्याला बॉइंकने जागं केलं की वीज, उष्णता आणि पंख्याचा वेग तिन्ही चढतात. आणि तुझ्या बाबतीत तर तेही लागू नाही. रात्री ९ला शाळेचे कॉम्प्युटर बंदच असायला हवेत. ते रिकामे नव्हतेच, तू ते मुद्दाम चालू ठेवत होतास.

हिशेब मांडून बघ, मी रफ मांडला आहे. पूर्ण ताकदीने चालणारा साधा डेस्कटॉप १०० वॅट घेतो असं धर. ३२ मशीनं म्हणजे ३.२ किलोवॅट. दहा तासांचे ३२ युनिट, रोज. ८ रुपये युनिट धरलं तर रात्रीला २५६ रुपये, महिन्यातल्या २५ रात्रींचे ६,४००. दिवाळीपासून सहा महिने धरले तर ३८ हजारांच्या वर. म्हणजे तुझा साडेतीन महिन्यांचा पगार. वर मेमधल्या बंद खोलीत, एसी न लावता, त्या मशीनांनी काय सोसलं असेल ते वेगळंच. लॅबच्या पंख्यांवर धूळ किती बसते ते मला सांगायला नको.

आणि तुझ्या पत्रातली आणखी एक गोष्ट. ‘एक पैसा मिळत नाही’ असं लिहिल्यावर पुढच्याच दोन वाक्यांत क्रेडिट, तिसरा नंबर, वर्षअखेर पहिला. बाळा, पैसा नाही म्हणजे लोभ नाही असं थोडंच आहे. आपल्या घरातल्या एका कॉम्प्युटरवर तू तिसरा आला नसतास. तो नंबर शाळेच्या बिलाने विकत घेतलेला आहे. मी हे टोचून बोलत नाही. मी स्वतः डायरीत लिहून ठेवायची किती तुकडे पूर्ण झाले. पण ‘मी विज्ञानासाठी केलं’ असं स्वतःला सांगताना हा आकडा बाजूला ठेवायचा नाही.

ज्यांच्यासाठी तू हे केलंस त्यांचं म्हणणं काय आहे, ते तरी वाचलंस का? बॉइंकच्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं असतं की हा प्रोग्राम फक्त स्वतःच्या किंवा मालकाने परवानगी दिलेल्या कॉम्प्युटरवर चालवा. काही कंपन्या आणि शाळा अशा कामाला मनाई करतात. आपण मात्र नियम न वाचताच ‘मान्य’चं बटण दाबतो.

हा नियम उगाच आलेला नाही. १९९८मध्ये अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या माणसाने अविभाज्य संख्या शोधण्यासाठी कंपनीचे अडीच हजारांहून जास्त कॉम्प्युटर जोडले होते. चौकशी थेट एफबीआयपर्यंत गेली. दुसरा जॉर्जिया राज्यातल्या एका तांत्रिक महाविद्यालयाचा कर्मचारी, अगदी तुझ्यासारखा. त्याने कॉलेजच्या मशीनांवर असाच एक प्रोग्राम टाकला. सरकारी वकिलांनी वापरलेल्या इंटरनेटचा दर सेकंदाला ५९ सेंट लावून नुकसान चार लाख डॉलरच्या वर नेलं आणि वर्षानुवर्षांच्या कैदेची भाषा केली. २००२च्या जानेवारीत प्रकरण मिटलं ते एका वर्षाचं प्रोबेशन, ८० तास समाजसेवा आणि २,१०० डॉलर भरपाईवर. तो सेकंदाचा दर मलाही हास्यास्पद वाटतो. पण एक लक्षात ठेव: परवानगी नसली की नुकसानीचा आकडा समोरचा ठरवतो, आणि आपल्याला घासाघीस करायला तोंड उरत नाही.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चा आहे. कलम ४३ मालकाच्या किंवा यंत्रणा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय ती वापरण्याबद्दल आणि भरपाईबद्दल बोलतं. तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी वकील नाही आणि तुला घाबरवतही नाही. तुझा हेतू कपटी होता असं मला वाटत नाही. फक्त ‘गुपचूप’ हा शब्द कमी वापर, तो हेतूच्या बाजूने साक्ष देत नाही.

‘पण लॅब माझ्याच ताब्यात आहे’ असंही मनात येत असेल. माझ्या पर्समध्ये अकरा वर्षं स्ट्राँगरूमची एक किल्ली होती. दुसरी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे, आणि एका किल्लीने दार उघडतच नाही. नवीन असताना मला हा अविश्वास वाटायचा, मी घरी चिडचिड करायची. पुढे समजलं की त्या दुसऱ्या किल्लीने मलाच वाचवलं होतं. काही घडलंच तर ‘तिनेच केलं असेल’ असं कोणी म्हणू शकत नव्हतं. तुझ्याकडे ३२ मशीनांचा ॲडमिन पासवर्ड आहे आणि दुसरी किल्ली कोणाकडेच नाही. त्याच मशीनांवरून मुलांचे समग्र आयडी (आपल्या मध्य प्रदेश सरकारचे ओळख क्रमांक), स्कॉलरशिपचे फॉर्म भरले जातात ना? बॉइंक त्यातलं काही उचलत नाही, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण उद्या शाळेच्या माहितीचं काही उलटंसुलटं झालं आणि तपासणाऱ्याला ३२ मशीनांवर रात्रभर परदेशी सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम सापडला, तर तू आकाशवेडा आहेस हे तो कुठून ओळखणार? २०१७-१८मध्ये दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चोरून क्रिप्टोचं नाणं खोदणाऱ्या प्रोग्रामांचं पेव फुटलं होतं. बाहेरून ते असेच दिसायचे: पंखा गरगरतोय, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, आणि मालकाला पत्ता नाही.

आता ज्यासाठी मी हे उत्तर पुढच्या आठवड्यावर ढकललं नाही, त्याकडे येते. चौकीदार.

तू लिहिलंस, ‘मला वाईट वाटलं.’ मग पूर्णविराम, आणि पुढचं वाक्य प्रोग्राम काढण्याबद्दल. जरा थांब आणि पुढे काय घडेल ते डोळ्यांसमोर आण. कमिटीने कूलर काढून नेला. तू आज रात्री ३२ मशीनं बंद केलीस. पुढच्या महिन्याचं बिल सहा हजारांनी खाली आलं. कमिटीच्या बैठकीत खजिनदार काय म्हणतील? ‘बघा, मी म्हटलंच होतं.’ तुझ्या गुपचूपपणाने त्या माणसाविरुद्धचा पुरावा तयार होईल, आणि तोही कागदोपत्री, वीज कंपनीच्या शिक्क्याचा. आत्ता त्याच्यावर नुसता संशय आहे. तू गप्प राहून काढलंस तर तो सिद्ध होईल. एका साध्या कूलरचा खर्च तुझ्या लॅबपुढे काहीच नाही, हे कॉम्प्युटरवाल्या माणसाला कळतं, कमिटीला कळत नाही. त्यांना फक्त क्रम दिसणार: कूलर गेला, बिल उतरलं.

आणि तो माणूस मेच्या इंदुरात टिनाच्या खोलीत कूलरशिवाय झोपतोय. तुला ‘वाईट वाटलं’ म्हणे.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, गुपचूप अजिबात चालणार नाही. आणि उशीरही चालणार नाही.

आज रात्रीच काम थांबव. बॉइंकमध्ये चालू तुकडे रद्द करता येतात. ‘अर्धवट राहिलेलं शास्त्रज्ञांचं काम बुडेल’ असं स्वतःला सांगू नकोस. मुदतीत उत्तर आलं नाही की तोच तुकडा ते दुसऱ्या कुणाकडे पाठवतात, सगळी व्यवस्था तशीच बांधलेली आहे. थांबव, पण काढून टाकू नकोस. मोठ्या बाईंना दाखवेपर्यंत राहू दे. आधी पुसून मग कबूल केलंस तर अर्धी कबुली जाते.

मग एक साधा कागद लिही. कधी टाकलं, किती मशीनांवर, कोणत्या वेळेत चाललं, प्रोग्राम कोणता आणि तो काय करतो, आणि तुझ्या अंदाजाने किती युनिट गेले. विज्ञानाचं महत्त्व त्यात एका ओळीपेक्षा जास्त नको. पल्सारची गोष्ट सांगायचा मोह होईल, आवर. पहिल्याच परिच्छेदात लिही की वाढलेल्या बिलाचं कारण चौकीदाराचा कूलर नाही, हे आहे. हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात ढकललंस तर मी हा सल्ला परत घेईन. कागद घेऊन मोठ्या बाईंकडे जा. कमिटीतल्या ओळखीच्या काकांकडे आधी जाऊन ‘जरा सांभाळून घ्या’ करू नकोस. आपल्या इंदूरच्या मराठी संस्थांमध्ये सगळेच सगळ्यांचे काका असतात, आणि त्यातूनच गोष्टी सडतात.

पैसे भरतो म्हणावं का? म्हणावं, पण आकडा तू ठरवू नकोस. ‘संस्था ठरवेल ते हप्त्याने भरेन’ एवढंच म्हण. नोकरी जाईल का? जाऊ शकते. कंत्राटी आहेस, त्यांना नोटीसही फार लागणार नाही. मी खोटा धीर देणार नाही. एवढं मात्र सांगते, कबुली देणाऱ्याला ठेवायचं की नाही यावर बैठकीत दोन मतं तरी पडतात. सापडलेल्याबद्दल पडत नाहीत.

चौकीदाराला स्वतः जाऊन सांग. कमिटीच्या आधी की नंतर, ते तू ठरव. मी आधी सांगितलं असतं. आणि त्याचा कूलर परत मिळेपर्यंत पाठपुरावा कर, कारण एकदा स्टोअरमध्ये गेलेली वस्तू कोणी आपणहून परत आणत नाही. माफी मागताना समोसे-कचोरी घेऊन जाऊ नकोस. रिकाम्या हाताने जा.

हे सगळं निभावलं आणि तू तिथे टिकलास, तर सहा महिन्यांनी, हिवाळ्यात, एक अर्ज कर. ३२ नाही, ४ मशीनं. फक्त शाळेच्या वेळात. बॉइंकमध्ये प्रोसेसर किती टक्के वापरायचा, कोणत्या तासांत चालायचं, कोणी कीबोर्डला हात लावला की थांबायचं, हे सगळं ठरवता येतं, तू ते मला शिकवशील. सोबत नववीच्या मुलांना शनिवारी तासभर सांगायचं, की आपल्या शाळेच्या मशीनवर आज आकाशाचा कुठला तुकडा आला आहे. राजा रामण्णा केंद्र ही संशोधन संस्था आपल्याच गावात आहे, तिथे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगाने फिरवणारं यंत्र, चालतं, आणि आपल्या शाळांतल्या निम्म्या मुलांना ते ठाऊक नसतं. अर्ज फेटाळला गेला तर फेटाळला. खातं शाळेच्या नावाने काढायचं, हे मात्र आताच सांगून ठेवते. तुझ्या नावाने नाही. क्रेडिट शाळेचं.

तोवर आकाशासाठी तुझा स्वतःचा फोन आहे. अँड्रॉइडवर बॉइंक चालतो, आणि सहसा तो फोन चार्जिंगला लावलेला, बॅटरी जवळजवळ भरलेली आणि वायफाय जोडलेलं असेल तेव्हाच काम करतो. बघ, ज्यांनी तो बनवला त्यांना तुझ्या बॅटरीची काळजी आहे. टीममध्ये तू तीनशेवा येशील. ये.

राहिली आत्या. ‘तिला काय कळतंय.’

तिला काय कळतंय ते मी सांगते, कारण मी आता त्याच वयाची आहे. तिला कळतंय की भाच्याने लॅपटॉप नीट करून दिल्यापासून तो घुरघुरतो. मांडीवर घेतला की चटका बसतो. व्हिडिओ कॉलवर मुलगा अडकत अडकत बोलतो. बॅटरी पूर्वी दोन तास जायची, आता पाऊण तास. तिने हे तुला सांगितलं नसेल, कारण तू फुकट करून दिलंस आणि तुला त्रास द्यायचा नाही. ती दुकानात जाऊन आली असेल, दुकानदाराने ‘मशीन पुराना हो गया, आंटी’ म्हणून सांगितलं असेल, आणि ती आता नव्याचे पैसे बाजूला ठेवत असेल. किंवा याहून वाईट, तिला वाटत असेल की आपल्यालाच वापरता येत नाही. आमच्या वयात प्रत्येक बिघाड आधी आपल्याच अंगावर घ्यायची सवय लागते. शाळेला कमिटी आहे, खजिनदार आहेत, बिल बघणारे आहेत. आत्याला तूच होतास.

नातेवाइकांची यादी कर. फॉरमॅटला आलेला एकेक लॅपटॉप आठव, प्रत्येकाला फोन कर, आणि जाऊन काढून दे. कोणी ‘जाऊ दे रे, राहू दे’ म्हणालं तरी काय आहे ते समजावून सांग आणि मग राहू दे. विचारून ठेवलेलं चालेल.

आत्याकडे मात्र फोन न करता जा, रविवारी सकाळी. ती पोह्यांवर जिरावण भुरभुरून बशी पुढे करेल. खाण्याआधी सांग.